डॉक्टर लांडगा, मुक्काम पोस्ट मोडनिंब

सोमवार ते शुक्रवार मी एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. शनिवारी रात्री मी लांडगी असते. दचकू नका! चंद्र उगवला की अंगावर केस वगैरे येत नाहीत. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, तिघं पुण्यात, एक नाशिकला, एक नागपूरला. आम्ही ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतो. एक काल्पनिक जंगल, त्यात एक कळप, आणि कळपात प्रत्येकाचं ठरलेलं काम. कुणी शिकारी, कुणी टेहळणीवर, कुणी पिल्लं सांभाळणारा. मी वैद्य! कुणाला अस्वलाने फाडलं की माझ्याकडे यायचं. मी जखमेवर कोळ्याचं जाळं लावते, झेंडूचा लगदा थापते, ताप उतरवायला कुठलीशी निळी पानं चघळायला देते. तीन टर्नमध्ये पेशंट टुणटुणीत. अॅप्रेझलच्या आठवड्यात इतकं समाधान देणारा दुसरा जॉब नाही, बॉस!

ही 'जडीबुटी' भानगड गेमच्या दुनियेत जुनी आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला, आणि पुढे त्यात झाडपाल्याशी दोस्ती असलेले 'ड्रुइड' आले. त्यांच्या पोतडीत 'गुडबेरी' नावाचा एक मंत्र असतो. साध्या बोरांवर फुंकर मारायची की ती औषधी! २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर 'हर्बलिझम' हा चक्क पेशा होता. लोक तासन् तास पीसब्लूम आणि सिल्व्हरलीफ खुडत बसायचे. २००३ पासून आलेल्या 'वॉरियर्स' या पुस्तकमालिकेने मांजरांच्या टोळीत वैद्य बसवला. एरिन हंटर हे तिच्या लेखिकांनी मिळून घेतलेलं टोपणनाव. मांजरांना वैद्य मिळाल्यावर लांडगे कसे मागे राहतील?

इथवर सगळं मजेत चाललं होतं. पण एकदा लंचमध्ये टीममधल्या एकाने विचारलं, "खरे लांडगे औषध घेतात का गं?" झालं! टेस्टर माणसाच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की तो 'क्लोज' होईपर्यंत झोप नाही.

मामाच्या गावाला जाऊया

योगायोग बघा, खरे लांडगे बघायला मला अलास्काला जायची गरजच नाही. माझं आजोळ मोडनिंब. सोलापूर जिल्हा, माढा तालुका. पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णी सोडलं की मोहोळच्या आधी लागतं. पुण्याहून १८०-१९० किलोमीटर. तुमच्यापैकी निम्मे लोक तिथून गेलेले असतील, एसी फुल आणि काचा बंद. पंढरपूरला रेल्वेने गेला असाल तर कुर्डुवाडीनंतर याच नावाचं स्टेशनही लागलं असेल. एकेकाळी ती बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरोगेज होती. नावातच निंब घेऊन बसलेलं गाव. लांडग्यांच्या वैद्याला याहून शोभेलसा पत्ता कुठला?

उजनी धरणाचं पाणी आलं आणि माढा तालुक्यात ऊस बोकाळला. तरी कॅनॉलचं पाणी जिथे चढत नाही तिथे अजून माळ आहे. मुरमाड जमीन, कुसळी गवत, तरवडाची पिवळी फुलं, मधेच एखादी बोर नाहीतर बाभूळ. कागदोपत्री बऱ्याचदा 'पडीक'. पण या पडीक जमिनीची ऐट मोठी आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा आणि माढा तालुक्यांचेही भाग होते. २०१२ च्या सुमारास ते आक्रसून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. आज अभयारण्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोलापूरजवळचं नान्नज येतं. याच नान्नजच्या माळावर बिलाल हबीब या संशोधकाने लांडग्यांच्या मागे वर्षंच्या वर्षं घालवली. माणसांची वर्दळ वाढली की लांडगे पिल्लांची बिळं कशी बदलतात, यावरचा त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपला लांडगा म्हणजे सिनेमातला बर्फावरचा पांढरा राक्षस नव्हे. अंगाने सडपातळ, रंगाने वाळल्या गवतासारखा, लहान कळपात राहणारा. २०२१ च्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवलं की भारतीय लांडग्याची वंशशाखा जगातल्या आज हयात असलेल्या लांडग्यांमधल्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी आहे. आणि संख्या? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशभरात साधारण तीन हजार. त्याच वर्षीच्या गणनेत वाघांचा सरासरी आकडा होता ३,६८२. म्हणजे वाघापेक्षा लांडगा कमी! वाघाचे टी-शर्ट निघतात. लांडग्याच्या वाट्याला येते ती 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट.

माळावरचं मेडिकल स्टोअर

मामाने मला स्कूटरवर मागे बसवून थेट एका मेंढपाळाच्या वाड्यावर नेलं. वाडा म्हणजे बंगला नव्हे हं. रानात उभी केलेली वाघर, आत दख्खनी मेंढ्या, बाजूला चूल, घोंगडी आणि सात कुत्री. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, त्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य नाहीतर पैसे. शतकानुशतकं चाललेलं सॉलिड बिझनेस मॉडेल.

"ही माझी भाची," मामा म्हणाला. "पुण्यात कॉम्प्युटरात असती. लांडग्याचं औषध विचारायला आलीय."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लांडगं लई झालं का काय पुण्यात?"

मी जमेल तसा गेम समजावला. कळप, वैद्य, झेंडूचा लगदा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवं ताई, लांडग्याला कोण औषिद देतंय? औषिद मेंढराला. लांडग्यानं फाडलेल्या मेंढराला."

ही दिशा मला सुचलीच नसती! त्यापुढचा तासभर मी नुसती त्यांच्या आणि त्यांच्या कारभारणीच्या मागे फिरत होते. आमच्या गेममधला 'इन्व्हेंटरी' स्क्रीन पायाखाली पसरला होता, फक्त ग्राफिक्स झकास.

पहिला मान दगडीपाल्याचा. याला एकदांडीही म्हणतात. जमिनीलगत पसरलेलं तण, लांब देठावर एकुलतं एक पिवळं-पांढरं फूल. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही नक्की असेल. पानं हातावर चोळायची आणि रस ताज्या जखमेवर पिळायचा. रक्त थांबतं, असा अनुभव. आजी म्हणाल्या, "कोयता लागू दे न्हाईतर काटा, आधी ह्यो पाला." जखम भरण्यावर त्याचा काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत उंदरांवर तपासलंही गेलंय. गंमत म्हणजे ही वनस्पती मूळची आपली नाहीच, ती अमेरिका खंडातून आलेली. आपल्या टोमॅटो-मिरचीची भावकी समजा. बाहेरून आलेल्या तणाला आपल्या लोकांनी बघता बघता कामाला लावलं.

दुसरं सीताफळ. फळ आपण खायचं, पाला जखमेला. जनावराच्या जखमेत माशीने अंडी घातली की अळ्या पडतात. त्यावर पाला वाटून भरला की अळ्या बाहेर येतात. उवा-गोचिडांवरही तोच. मात्र सीताफळाच्या बियांची पूड चुकूनही डोळ्यात जाऊ द्यायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. आजींनी हे मला तीनदा बजावलं. एवढं ठळक वॉर्निंग लेबल मी औषधाच्या बाटलीवरही पाहिलेलं नाही.

मग करंजाचं तेल, खरजेवर. निर्गुडीचा पाला गरम करून सुजेवर शेकायला. बाभळीच्या सालीचा काढा मेंढरू पातळ हगायला लागलं तर. हाड मोडलं की बांबूच्या कामट्या बांधायच्या, सोबत कांडवेल, म्हणजे हाडजोडी. कडुनिंबाचा पाला उकळून जखम धुवायची. आणि या सगळ्यांवर हळद!

हळदीवरून आठवलं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरून काढण्यासाठी हळद' या 'शोधा'चं पेटंट मिळालं होतं. म्हणजे तुमच्या-माझ्या आजीचं किचन परस्पर दुसऱ्याच्या नावावर! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांचे पुरावे काढले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. वाड्यावरच्या आजींना मी हा किस्सा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग तवर काय हळद लावायची न्हाई व्हय?"

वैद्य नव्हे, विषवैद्य

इथे एक कडू डोस घ्यावा लागेल. गेममध्ये झाडपाला लांडग्याला बरं करतो. इतिहासात झाडपाल्याने लांडग्याला मारलं.

फँटसी गेममध्ये 'वुल्फ्सबेन' नावाची वनस्पती हमखास असते. ती खरी आहे. आपल्याकडच्या बचनागाची बहीण. युरोपात लांडग्यांना घालायच्या विषात ती वापरली जायची, म्हणून हे नाव. दुसरं नाव कुचला. त्याच्या बियांत स्ट्रिकनीन असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मेलेल्या जनावरात हे विष भरून माळावर ठेवायचे आणि लांडग्यांचे कळपच्या कळप संपवायचे. १९०५ मध्ये मॉन्टाना राज्याने तर कमाल केली. कायदा करून सरकारी पशुवैद्याला कामाला लावलं की लांडगे पकडा, त्यांना खरूज लावा आणि सोडून द्या, म्हणजे बाकीच्यांना लागण होईल. डॉक्टरनेच रोग वाटायचा! असला व्हिलन आमच्या गेम-मास्टरलाही सुचला नसता.

आपल्याकडे इंग्रजी अमलात डोक्यामागे बक्षीस होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडलेला हिशेब असा. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि तब्बल दोन लाख लांडगे मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत जागा दिली, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पण मेंढरू गेल्याच्या रागात विष घातलेलं कलेवर ठेवायला कायद्याचं पुस्तक उघडावं लागत नाही. आणि त्या विषाने लांडग्याबरोबर कोल्हा, घार, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळेच मरतात.

मग लांडगा स्वतः काय करतो?

आता मूळ प्रश्न. प्राणी औषध घेतात का? काही घेतात. टांझानियातल्या महाले पर्वतात १९८७ मध्ये मायकेल हफमन यांनी एका आजारी चिंपांझी मादीला एका कडूजहर झुडपाचा गर चोखताना पाहिलं, ती पुढच्या दिवसात सावरली. सुमात्रात जून २०२२ मध्ये राकुस नावाच्या ओरांगउटानने गालावरच्या जखमेवर एका औषधी वेलीची पानं चावून त्याचा रस आणि लगदा लावला. जखम भरली आणि २०२४ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. माझ्या गेममधला वैद्य असाच, फरक इतकाच की हा ओरिजिनल!

लांडग्याची केस जरा वेगळी. लांडगा गवत खातो, हे नक्की. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात उन्हाळ्यात गोळा केलेल्या लांडग्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश नमुन्यांत वनस्पतींचे अंश मिळाले. आपल्या घरचा मोती अंगणातली हरळी चघळतो तेव्हा आई म्हणते, "पोट बिघडलंय त्याचं." कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दीड हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००८ मध्ये याची शहानिशा केली. गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री जेमतेम ९ टक्के. खाल्ल्यावर वारंवार ओकणारी २२ टक्के. म्हणजे बहुतेक कुत्री ठणठणीत असतानाच गवत खातात. संशोधकांचा तर्क असा की ही सवय लांडग्यांसारख्या रानटी पूर्वजांकडून आली असावी. न पचलेलं गवत आतड्यातून जाताना जंतांना गुंडाळून बाहेर नेत असावं. औषध कमी, झाडू जास्त.

आणि फळं? मिनेसोटात २०१७ मध्ये एका लांडग्याने पिल्लांसमोर पोटातून चक्क ब्ल्यूबेरी ओकून त्यांना भरवल्याचं संशोधकांनी पाहिलं. 'गुडबेरी'चा मंत्र म्हणायला हरकत नाही, फक्त डिलिव्हरीची पद्धत जराशी...असो. लंच करत असाल तर सॉरी!

जखमेवर मात्र लांडग्याचा एकच इलाज, जीभ. कुत्र्याच्या लाळेत काही जिवाणू मारण्याची थोडीशी ताकद असते, हे १९९० च्या एका अभ्यासात दिसलं होतं. थोडीशीच. माणसाच्या जखमेवर हा प्रयोग करू नका, त्याच लाळेत आपल्याला घातक जिवाणूही असतात.

पण सर्वांत भारी गोष्ट पुढे आहे. यलोस्टोनच्या लांडग्यांमध्ये २००० नंतरच्या दशकात खरूज शिरली. एमिली आल्मबर्ग आणि सहकाऱ्यांनी खरुजलेल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. एकट्या पडलेल्या खरुजल्या लांडग्याच्या मरणाचा धोका कित्येक पटीने वाढतो. पण तोच लांडगा मोठ्या कळपात असेल आणि सोबती निरोगी असतील, तर तो धोका बराचसा भरून निघतो. कारण सरळ आहे. केस गळालेला, थंडीने कुडकुडणारा लांडगा शिकार करू शकत नाही. पण कळपाने मारलेली शिकार तो खाऊ शकतो. मोडलेला पाय सांधायला जे दोन-तीन महिने लागतात तेही असेच निघतात.

म्हणजे लांडग्यांत वैद्य नसतो. कळप असतो. मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाने २००७ मध्ये आणलेला 'वुल्फक्वेस्ट' हा खऱ्या लांडग्यांवर बेतलेला गेम खेळून बघा. त्यात एकही जडीबुटी नाही. खायचं, विश्रांती घ्यायची आणि कळप टिकवायचा, एवढंच.

ज्यावर पाला चालत नाही

निघताना मी वाड्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं देत होते. "सातच उरली," म्हातारबा म्हणाले. "नऊ व्हती." दोन गेल्या थंडीत गेली. आधी नाका-डोळ्यांतून घाण यायला लागली. मग खाणं सुटलं. मग डोकं हलायला लागलं, पाय झटकायला लागली. "करंज लावलं, हळद पाजली, निंब पाजला. काय बी चाललं न्हाई. त्यातली एक कुत्री लांडग्यावर एकटी जायाची." एवढं बोलून त्यांनी विडी पेटवली आणि मेंढ्यांकडे बघत बसले.

मी पुण्यात आल्यावर ही लक्षणं एका पशुवैद्य मैत्रिणीला सांगितली. न तपासता ठामपणे काही सांगणार नाही, असं म्हणून तिने पहिला संशय घेतला डिस्टेंपरचा. हा विषाणू कुत्र्यांत पसरतो आणि कुत्र्याच्या जातभाईंना, मोठ्या मांजरांनाही सोडत नाही. १९९४ मध्ये सेरेंगेटीत याने सुमारे एक हजार सिंह मारले, तिथल्या सिंहांपैकी एक-तृतीयांश! २०१८ मध्ये गीरमध्ये एकामागून एक सिंह मेले, तेव्हाही हाच विषाणू सापडला. मग लांडग्याचं काय? माळावरचं कुत्रं आणि माळावरचा लांडगा एकाच पाझर तलावावर पाणी पितात, एकाच मेलेल्या जनावरावर येतात. भांडतात, आणि कधीकधी प्रेमातही पडतात. पुण्याच्या आसपासच्या माळांवर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय चाचणीने सिद्ध झालाय. रेबीजचंही तेच. एका बिळात रोग शिरला की पिल्लांची एक पिढी साफ.

डिस्टेंपरवर ना दगडीपाला चालतो ना माझी निळी पानं. त्यावर नेमका इलाजही नाही. आहे ती फक्त लस. तीही लांडग्याला टोचता येत नाही. वाड्यावरच्या कुत्र्याला टोचता येते. म्हणजे लांडग्याचं औषध शेवटी त्याच्या हाडवैऱ्याच्या दंडात द्यायचं!

पुढच्या शनिवारी मी गेममध्ये लॉग-इन झाले आणि हे सगळं कळपाला सांगितलं. पाच मिनिटं चॅटवर शांतता. मग नागपूरकर म्हणाला, "सात कुत्री म्हणजे किती रुपये रे?" हिशेब केला तर एका कुत्र्याच्या डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी एका मोठ्या पिझ्झाच्या आसपास. त्या महिन्यात कुणी नवी 'स्किन' घेतली नाही. मामाने तालुक्यातल्या पशुवैद्यांना गाठलं, म्हातारबांनी आधी नाही म्हटलं ("सुईनं कुत्रं मऊ पडतं"), मग आजींनी हो म्हटलं आणि विषय संपला. सातही कुत्र्यांना डोस झाले. बूस्टरची तारीख माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये आहे, स्प्रिंट रिव्ह्यूच्या शेजारी. यातून सोलापूरचे लांडगे वाचले असा दावा मी करणार नाही. पण त्या एका माळावर रोग शिरायची सात दारं तरी काही काळ बंद आहेत.

आणि हो, मेंढरू गेलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पंचनामा झाला तर. मेंढपाळ आज इथे, उद्या तिथे. चार हेलपाटे घालणार कोण? ज्याला मोबाइलवर फॉर्म भरता येतो असा पुतण्या किंवा भाचा घरात असेल तर ते काम अर्ध्या तासाचं आहे. ही जडीबुटी आपल्या पिढीकडे आहे.

माळावर जाणार असाल तर

- पुण्याहून सोयीचं : इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ. वनविभागाने २०२४ मध्ये इथे गवताळ माळांची सफारी सुरू केली. निघण्याआधी बुकिंग बघा. सोलापूरकरांना नान्नज जवळ.
- थंडीच्या दिवसांत बिळांत पिल्लं असतात. बीळ दिसलं तरी जवळ जाऊ नका आणि फोटोवर लोकेशन टाकू नका.
- गवतात बाइक घालू नका. तिथे नुसतं गवत नसतं, जमिनीवर घातलेली पक्ष्यांची अंडी असतात. आणि कुसळी सॉक्समध्ये शिरली की दोन दिवस आठवण राहते!
- झाडपाला जाणकाराकडून शिका, फोटो काढा, नावं लिहून घ्या. पण मोठी जखम, ताप, साप, यासाठी सरळ हॉस्पिटल.
- कुत्रं, कोल्हा, लांडगा, कुणीही चावलं तर तिखट, चुना, पाला काहीही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रेबीजवर कुठलीही जडीबुटी नाही, कुठल्याही दुनियेत.
- लांडगा दिसलाच तर गाडी बंद करा आणि गप्प बसा. तो थांबून एकदा तुमच्याकडे बघेल आणि आपल्या वाटेने जाईल. तुम्हीही तेच करा.